जिन्याखालचं पिंप आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोपन्न, शिक्षण इयत्ता चौथी, धंदा वाइनच्या तळघरात चाखणी करणे, राहणार तळघराच्या मागच्या दोन खोल्या, आज मंगळवारी स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणी जोरजबरदस्ती केलेली नाही. कोणी करून बघावी. नाकाच्या वर आणि मेंदूच्या खाली लिंबाएवढी गाठ आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे बाई, फक्त जागा वाईट आहे." मी म्हटलं, "माणसांचं पण असंच असतं." ते हसले नाहीत. डॉक्टर हसला नाही की मला धडकी भरते. गुरुवारी सकाळी आठला कवटी उघडणार आहेत. म्हणून हा कागद.

वकीलबाईंनी मृत्युपत्राचा नमुना दिला होता. त्यात देह कसा नाशवंत आहे यावरच दीड पान होतं. ते मी गाळलं. सगळ्यांना ठाऊक असलेलं लिहायला मला वेळ नाही. गुरुवार परवावर आला.

कलम एक. घर. दोन खोल्या थोरल्या मालकांनी हयात असताना कागद करून माझ्या नावावर केल्या, कागद पत्र्याच्या डब्यात आहे. पुढची खोली माझ्या मुलाला. मागची खोली, जिच्या खिडकीतून तळघराचं दार दिसतं, ती माझ्या धाकट्या जावेला. तिचं घर मागच्या भिंतीला लागूनच आहे. मधली भिंत मी घातली, बारा वर्षांपूर्वी. पूर्वी तिथे दार होतं आणि आमची चूल एकच होती. कारण असं, की तिने मालकांसमोर माझ्या यादीतल्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या. तीही तळघरातच कामाला आहे, आणि कॉलेजात दोन वर्षं गेलेली आहे. दुसऱ्या दिवशी मी गवंडी बोलावला. ती भिंत पाडायची असेल तर पाडावी. माझी हरकत मृत्यूनंतर लागू नाही.

कलम दोन. बँकेत जे काही आहे ते मुलाला. तो दूर जहाजावर काम करतो आणि महिन्यातून एकदा फोन करतो. ऑपरेशनचं त्याला सांगितलं आहे, पण "नाकाचं छोटंसं" एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "आई, सुट्टी टाकू का?" मी म्हटलं, "नाकासाठी कोण सुट्टी टाकतं?" आता वाटतं, टाकू द्यायला हवी होती. हे त्याला वाचून दाखवू नये. किंवा दाखवावं. नंतर ठरवते.

कलम तीन. माझे सहा ग्लास आणि पिंपातून नमुना काढायची काचेची नळी. ग्लास पातळ काचेचे, पोट मोठं आणि तोंड लहान असे आहेत, कारण वास आत कोंडून राहायला हवा. ज्याच्याकडे जातील त्याने ते साबणाने धुऊ नयेत. नुसतं गरम पाणी, आणि पुसायला जुनं सुती कापड. साबणाचा वास राहिला तर वाइन न्हाणीघरासारखी लागते. ग्लास एक तृतीयांशाच्या वर भरू नये. बाकीची जागा रिकामी वाटते खरी, पण ती वासाची आहे. हे सगळं कोणाला, ते सातव्या कलमात.

कलम चार. माझे यजमान पिंपं दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचा हातोडा, पाती आणि पिंपांवर लोखंडी पट्ट्या चढवायची फळी ही हत्यारं, त्यांनी ज्याला काम शिकवलं त्या पिंपवाल्याला द्यायची होती. पण तोच माझा साक्षीदार आहे आणि वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही, दिलं तर ते फुकट जातं. मग मी आज दुपारी हत्यारं उचलली आणि जाऊन त्याच्या हातात ठेवली. तो म्हणाला, "वहिनी, एवढी घाई काय आहे?" मी म्हटलं, "कायद्याला घाई आहे." त्याने हातोड्याच्या दांड्यावरून हात फिरवला आणि तोंड फिरवलं. सबब ती हत्यारं आता माझ्या मालमत्तेत नाहीत, त्यांचा हिशेब धरू नये.

कलम पाच. कपाटात तळाशी चार बाटल्या आडव्या ठेवल्या आहेत. आडव्याच ठेवाव्यात, उभ्या ठेवल्या तर बूच सुकतं आणि हवा आत शिरते. चारही लाल, चार जातींच्या द्राक्षांच्या. कुठली कोणाला ते लिहिते, पण आधी कुठली कशी आहे ते लिहिणं भाग आहे, नाहीतर मुलगा सगळ्यांत बर्फ टाकेल. तो टाकतो. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी सतराव्या वर्षी इथे बाटल्या धुवायला आले. तिसऱ्या महिन्यात थोरल्या मालकांना मी म्हटलं, "त्या कोपऱ्यातल्या पिंपाला ओल्या गोणपाटाचा वास येतोय." ते आधी चिडले, मग हुंगून आले. पिंप खराब झालं होतं आणि तिथल्या कोणालाही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे चार ग्लास ठेवले. म्हणाले, "कशाचा वास येतो ते सांग. नावं सांगू नकोस. नावं मला येतात." तेव्हापासून मी सांगत आले. नावं मला फार उशिरा कळली.

मर्लो. ही घरातल्या आत्यासारखी. कोणी आलं तरी या, बसा, म्हणते. पिकलेल्या आलुबुखारचा वास, जिभेवर मऊ, तुरटपणा बेताचा. नवशिक्याने इथून सुरुवात करावी. ही बाटली मुलाला. थोडी गार चालेल. बर्फ टाकल्यास ही देणगी रद्द समजावी.

कॅबर्ने. आमचे सासरे असे होते. पहिल्या भेटीत तोंडाला कोरड पाडतात. जाड सालीचं द्राक्ष, म्हणून तुरटपणा दातांना धरून बसतो. काळ्या फळाचा वास, त्यामागे पेन्सिल तासल्यावर येतो तो. मला पेन्सिलीचा वास चौथीपर्यंतच मिळाला, म्हणून मी तो कधी विसरले नाही. कोवळी असताना उघडू नये. आठ-दहा वर्षं गेली की बोलायला लागते, आणि मग काय बोलते! ही मालकांना. म्हणजे थोरल्यांच्या मुलाला, आता तेच मालक. प्यायच्या आधी तासभर उघडून ठेवावी. मालकांना थांबायची सवय नाही, पण ठेवावी.

शिराझ. ही खिडकीत उभी राहून भांडणारी बाई. काळी, दाट, मिरीचा झणका, मागे धूर. आली की सगळ्या घराला कळतं. बोलणं तिखट, पण आत गोडवा आहे, शेवटपर्यंत थांबलात तर लागतो. ही माझ्या जावेला. का, ते सातव्या कलमात.

पिनो नुआर. पातळ सालीची. रंग इतका फिका की लोक म्हणतात पाणी घातलंय. लोकांना गडद रंग दिसला की दम दिसतो. पिनो ओठाला लावली की लाल बोरासारखी चेरी, आणि गिळल्यावर पावसात पडून राहिलेली पानं. ऊन जास्त झालं तरी रुसते, थंडी जास्त झाली तरी रुसते. माझे यजमान असे होते, फार बोलायचे नाहीत आणि लोकांना वाटायचं त्यांना काही येत नाही. ही बाटली मी परत आल्यावर पिणार होते. नाही आले तर महिन्याच्या आत उघडावी, पिनो फार वर्षं थांबत नाही. जो माझ्याबद्दल एक बरी आणि खरी गोष्ट सांगेल त्याने प्यावी. कोणी सापडलं नाही तर मालकांनी.

कलम सहा. राग. एक राग मी सोडत नाही, तो माझ्याबरोबर पुरावा, जाळावा, काय करायचं ते करावं. सहा वर्षांपूर्वी एक चाखणारे पाहुणे आले होते. गळ्यात रेशमी रुमाल. मी ग्लास हलवून म्हटलं, मिरी आहे. ते मालकांना म्हणाले, "स्वयंपाकघरातल्या बाईला स्वयंपाकघरातलंच आठवणार." सगळे हसले. मालकही हसले. मालक, तुम्हीही हसलात. मग पाहुण्यांनी स्वतः हुंगलं आणि आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या जावेने त्यांच्या खांद्यावरून वाचलं. त्यांनी मिरीच लिहिलं होतं. ती हे मला त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून ओरडून सांगत होती, "ताई, मिरीच लिहिलंय! मिरीच!" आणि मी उत्तर दिलं नाही. त्या वेळी आमचं बोलणं नव्हतं.

कलम सात. जागा सोडते. हे मागून लिहिते.

कलम आठ. माझ्यामागे तळघर एकही दिवस बंद ठेवू नये. पिंपं माणसांसाठी थांबत नाहीत. रडायचं असेल त्याने बाहेर अंगणात रडावं. तळघरात अत्तर, अगरबत्ती, फुलं यांतलं काही आणू नये, मी मेले असले तरी. वास बसतो.

कलम नऊ. कपडे ज्याला होतील त्याला. तळघरात घालायची लोकरी जाकिटं दोन आहेत. निळ्याच्या खिशात चष्मा आहे.

आता उरलं काही नाही. उठून पाणी प्यायले. खिडकी लावली, परत उघडली. कागद डब्यात ठेवला, परत काढला. सातवं लिहिते.

कलम सात. मला वास येत नाही.

वर्ष होत आलं. हळूहळू गेला, म्हणून मला कळलं नाही. मला वाटलं यंदाची द्राक्षंच फिकी आहेत. मग एक दिवस मी याच खोलीत बसले होते आणि जाऊ बाहेरून दार बडवायला लागली. "ताई! ताई, दूध करपतंय, धूर येतोय बाहेर!" मी दोन पावलांवर बसले होते. भांडं काळं झालं होतं. मी तिला म्हटलं, "भांडं टाकायचंच होतं, म्हणून जाळलं." ती माझ्याकडे बघत राहिली आणि गेली. त्या दिवशी मी घरातलं सगळं हुंगून पाहिलं. रॉकेल, साबण, यजमानांचं जुनं स्वेटर. काही नाही. स्वेटरपाशी मी बसून राहिले.

सांगितलं नाही कोणाला. मालक पाहुण्यांना सांगतात, "या बाईंच्या नाकावर हे तळघर उभं आहे." मग नाक गेलं हे कोणत्या तोंडाने सांगणार? डॉक्टरांनी पण पहिल्याच दिवशी विचारलं, वास येतो का. मी म्हटलं येतो. त्यांनी मला डोळे मिटायला लावले, नाकाखाली काहीतरी धरलं आणि विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "तुमचा हात." ती कॉफी होती. त्यांना कळलं. दुसऱ्या कोणालाही कळलेलं नाही. गाठ काढली तरी वास परत येणार नाही, असं ते म्हणतात. वासाची नस मेली आहे.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे पिंपांवर नावं लिहीत नाहीत. मी आले तेव्हा मला ही परदेशी नावं लिहिता येत नव्हती, म्हणून थोरल्या मालकांनी मला खडू दिला आणि सांगितलं, तुझ्या खुणा कर. कॅबर्नेला ताठ रेघ, मर्लोला गोल, शिराझला फुली, पिनोला नुसता ठिपका. वाइन गाळावरून काढून दुसऱ्या पिंपात घालतात, तेव्हा जुनी खूण आधीच पुसून टाकायची आणि नव्या पिंपावर खूण करायची ती फक्त हुंगून आणि चाखून. कोणी सांगितलं म्हणून करायची नाही. हा नियम थोरल्या मालकांचा, आणि खडू एकाच हातात राहायचा, तो माझ्या.

चार महिन्यांपूर्वी पिंपं बदलली तेव्हा मी नळी घेऊन उभी राहिले आणि मला काहीच येत नव्हतं. वाइन म्हणजे नुसतं आंबट, तुरट पाणी. चार ओळखीच्या माणसांचे चेहरे कोणी पुसून टाकावेत तसं. पिनो रंगावरून कळली. मर्लो जिभेवरून कळली. पण कॅबर्ने आणि शिराझ दोघी काळ्या, दोघी दातांना धरणाऱ्या. तेव्हा मी विचारायला हवं होतं. मी अंदाजाने खडू चालवला. बावीस पिंपं.

जिन्याखालच्या पिंपापाशी जाऊ माझ्याबरोबर होती. गेली पाच वर्षं मी तिला हुंगायला शिकवत होते. भिंत असूनही. तिचं नाक चांगलं आहे. चांगलं म्हणजे माझ्यासारखं. तिने ग्लास फिरवला आणि म्हणाली, "ताई, यात मिरी आहे. हे शिराझ आहे. तुम्ही रेघ का मारलीत?"

मी तळघरातल्या सहा जणांसमोर तिला म्हटलं, "कॉलेजात दोन वर्षं बसलीस म्हणून नाकाला सर्टिफिकेट मिळत नाही. तुझं नाक लेबलं चिकटवायच्या लायकीचं आहे."

तिने ग्लास खाली ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती लेबलं चिकटवते. मालकांनी एकदा तिला परत खाली बोलावलं, तर ती म्हणाली, "नको. माझ्या नाकाचं काही खरं नाही. ताई म्हणाल्या तेच बरोबर असणार." मी तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही.

ज्या नाकाने मला पकडलं, तेच नाक मी मोडलं. तेही मला त्याची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच.

येत्या सोमवारी थोरल्या मालकांच्या नावाची बाटली भरणार आहेत. त्या लेबलावर नुसतं कॅबर्ने असं लिहिलेलं असतं, दुसरं काही मिसळत नाहीत, हा थोरल्यांचा शब्द होता. ताठ रेघेची सगळी पिंपं त्यात जाणार. जिन्याखालचंही. सबब मी लिहून ठेवते की, माझ्यामागे, बाटल्या भरायच्या आधी, माझ्या धाकट्या जावेने ताठ रेघेचं आणि फुलीचं प्रत्येक पिंप हुंगावं. ती म्हणेल ते खरं धरावं. ग्लास, नळी आणि खडू तिला द्यावा. आणि मी तिला जे बोलले ते खोटं होतं, हे त्याच सहा जणांना बोलावून वाचून दाखवावं.

सही उद्या, साक्षीदार आले की.

बुधवार. कलम दहा. हे ठरलेलं नव्हतं.

सकाळी वकीलबाई पाकीट घेऊन आल्या. लाखेचा शिक्का, वर दोरा. मी विचारलं, "हे कधी उघडणार?"

"तुमच्या मृत्यूनंतर."

"आणि मी मेले नाही तर?"

"मग कशाला उघडायचं? तुम्ही असेपर्यंत कोणीही हात लावणार नाही, काळजी नको."

डॉक्टर म्हणतात दहा दिवस तिथेच ठेवणार, पहिले चार दिवस धड बोलताही येणार नाही. म्हणजे मी ऑपरेशनच्या टेबलावरच मेले तर सोमवारच्या आत पाकीट उघडणार आणि सगळं निस्तरणार. आणि जगले तर पाकीट बंद, मी गप्प, आणि सोमवारी खोटी बाटली भरणार. मी वकीलबाईंना म्हटलं, "म्हणजे मी मेलेलंच बरं?" त्या घाबरल्या. म्हणाल्या, "असं कुठे लिहिलंय?" सगळं तसंच लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं.

हातोड्याचं आठवलं. तो कागदावर देता येत नव्हता म्हणून हातात दिला होता.

मी निळं जाकीट घातलं आणि लेबलांच्या खोलीत गेले. जाऊ पाठमोरी बसली होती, डिंकाची वाटी पुढे. मी म्हटलं, "खाली चल."

"कशाला?"

"काम आहे."

"लेबलं संपवायची आहेत, ताई. सोमवारची."

"त्याच लेबलांचं आहे. ऊठ गं बाई, माझ्याकडे दिवस एकच आहे."

खाली जिन्याखालच्या पिंपातून मी नळीने काढलं, ग्लासात घातलं आणि तिच्यासमोर धरलं. तिने हात मागे घेतले. "मला नका विचारू. माझं चुकतं."

"हुंग."

"ताई, तुम्हीच सांगा ना."

"मला वास येत नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली. "म्हणजे आज सर्दी..."

"म्हणजे वर्षभर. दूध करपलं तेव्हापासून. त्याच्या आधीपासून. मला हे वाइन आहे की शाई, ते पण चाखल्याशिवाय कळत नाही. या पिंपावर मी अंदाजाने रेघ मारली. तू बरोबर असशील या भीतीने मी तुला तसं बोलले."

मला वाटलं ती रडेल, किंवा माझे हात धरेल. तिने ग्लास माझ्या हातातून काढून घेतला आणि बाजूच्या फळीवर ठेवला. मग म्हणाली, "चार महिने मी घरी लवंगा हुंगत बसत होते, ताई. डोळे मिटून. साबण, लवंग, चहाची पूड. रोज. मला वाटलं माझ्या डोक्यात काहीतरी झालंय."

"माझ्या डोक्यात झालंय."

"ह्यावर हसू नका."

"हसत नाहीये."

"तुम्ही कधीच..." ती थांबली. "बारा वर्षांत तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की तुमचं चुकलं."

"आता म्हणते. चुकलं."

पाणी ठिबकत होतं कुठेतरी, मी ते मोजत होते. मग तिने ग्लास उचलला. उजेडाकडे तिरका धरून रंग बघितला, फिरवला, नाक आत घातलं. मी तिला शिकवलं होतं तसं, आधी छोटा श्वास, मग मोठा. तिचा चेहरा बदलला. तो बदल मला माहीत आहे, माझाही तसाच व्हायचा.

मी विचारलं, "कशाचा वास येतो ते सांग. नाव सांगू नकोस."

"मिरी," ती म्हणाली. "आधी मिरी. नुसती नाही, पाट्यावर नुकती भरडलेली. मग धूर, पण लाकडाचा नाही, विझलेल्या काडीचा. मग काळं फळ, जास्त पिकलेलं, देठापाशी फुटलेलं."

मी डोळे मिटून ऐकत होते. नाकात काही आलं नाही. पण पिंप डोळ्यांपुढे उभं राहिलं, तिच्या बोलण्यातून. ती बरोबर होती का? मला माहीत नाही. सदतीस वर्षांत पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या नाकावर विसंबले. मी म्हटलं, "ठीक आहे," आणि खिशातून खडू काढून तिच्या हातात दिला.

तिने माझी रेघ ओल्या कापडाने पुसली. फुली काढली. तिची फुली जरा तिरकी येते. राहू दे.

मग मी मालकांकडे गेले आणि त्यांनाही सांगितलं. ते जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "बाई, आधी का नाही बोललात?" मी म्हटलं, "तुम्ही हसाल म्हणून." त्यांना बहुतेक तो रुमालवाला पाहुणा आठवला, कारण ते पायरीवरची धूळ हाताने झाडायला लागले. मग म्हणाले, "सोमवारी जेवढी खरी कॅबर्ने असेल तेवढीच भरू." मग ते स्वतः जाऊन त्या सहा जणांना बोलावून आले. मी जे बोलले ते खोटं होतं, हे मी त्यांच्यासमोर स्वतः सांगितलं, वाचून दाखवायची गरज उरली नाही. आवाज थोडा फुटला. तो गाठीमुळे.

सबब कलम सातमधील खडू, ग्लास आणि नळी या वस्तू मृत्युपत्रातून वगळाव्यात. त्या आजपासून माझ्या नाहीत. राहिलेलं सर्व कायम. माझ्यामागे भिंतीचं काय करायचं ते जावेवर सोपवते, मी असले तर मलाच गवंडी बोलवावा लागेल.

मी हे वरच्या खोलीत बसून लिहिते आहे. साक्षीदार समोर बसले आहेत, पिंपवाला आणि डॉक्टर. डॉक्टर घड्याळ बघतात. जाऊ खाली एकटी प्रत्येक पिंप हुंगते आहे, आणि जिथे माझं चुकलंय तिथली खूण पुसते आहे. ओलं कापड लाकडावर घासल्याचा आवाज वर येतो. मोजायचं नाही असं ठरवलं होतं. पण नाक गेल्यापासून कान फार चालतात. आतापर्यंत तीन.

वरील सर्व मी शुद्धीत, स्वखुशीने, घाबरलेल्या अवस्थेत पण कोणाच्या दबावाखाली नसताना लिहिलं आहे. घाबरणं दबावात मोडत नाही, असं वकीलबाईंनी विचारून सांगितलं.

सही: (मला चौथीत शिकवली तीच, रेघ ताठ)
तळघरात मला नाकवाली म्हणतात. पुढे काय म्हणायचं ते त्यांनी ठरवावं.

साक्षीदार एक: पिंपवाला, सही. "वहिनींनी माझ्यासमोर सही केली. हात कापत नव्हता."

साक्षीदार दोन: गाठीचे डॉक्टर, सही. "त्या पूर्ण भानावर आहेत. हात थोडा कापत होता."

ठिकाण: तळघराच्या वरची खोली. वार बुधवार, तारीख अकरा, दुपारचे सव्वाचार. महिना आणि साल वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

दुरुस्ती, दोन्ही साक्षीदारांसमोर: कलम दहामध्ये "तीन" लिहिलं आहे तिथे "चार" वाचावं. आत्ता आणखी एकदा कापड घासलं. सही.

दुरुस्तीची दुरुस्ती: जाऊ खालून ओरडून सांगते आहे, "ताई, हे तुमचं बरोबर होतं! खूण पुसट झालेली, म्हणून पुसून ठळक केली!" मला पडताळता येत नाही. ती खरं सांगते आहे की माझं मन राखते आहे, हे गुरुवारच्या आत कळायचा काही उपाय नाही. तिचा शब्द धरावा. तीन. सही.